लेकीच्या घरचं पाणी

रतिलाल पाटील बैल घ्यायला निघाला, की बाजारातले दलाल एकमेकांना डोळा मारत. हा माणूस तीन बाजार नुसता बैलांचे दात बघत फिरणार, चौथ्या बाजारी घरी जाऊन बायकोशी बोलणार आणि मग कुठे खिशात हात घालणार, हे सगळ्यांना पाठ झालेलं होतं. पण एकदा घेतलेल्या बैलाला त्याने कधी नाव ठेवलं नाही. तापीकाठच्या त्या गुजर वस्तीच्या गावात कापसाच्या सोसायटीचं चेअरमनपद त्याच्याकडे आलं ते याच गुणामुळे. गडबड करणारे चेअरमन गावाने आधी बघितले होते.

तर चौसष्ट सालची ही गोष्ट. गावात वीज आली आणि सोसायटीच्या जिनाला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला, नवी इमारत बांधायचं ठरलं. जुना जिन डिझेलच्या इंजिनावर चाले. तीन हंगामांपूर्वी त्याला आग लागली होती. कापूस पेटला म्हणजे काय होतं ते ज्याने बघितलं तो आयुष्यभर विसरत नाही. विहिरीवरून बादल्या येईपर्यंत अर्धं छप्पर खाली आलं. जिनवर कापूस टाकणाऱ्या बायांची मुकादम तापीबाई शेवटच्या बाईला बाहेर ढकलून मग निघाली आणि तेवढ्यात तिचा उजवा हात कोपरापासून भाजला. जीव कोणाचा गेला नाही, ही देवाची कृपा. बाकी कृपा म्हणावी असं त्या दिवशी काही नव्हतं.

म्हणून नव्या इमारतीत रतिलालने एक गोष्ट हट्टाने मागितली. भिंतीला जागोजागी साखळी हवी. कोणीही ती ओढली की लगेच विजेची घंटा वाजली पाहिजे, सगळ्या मोटारी आपोआप बंद पडल्या पाहिजेत आणि वरच्या टाकीचं पाणी छताखालच्या भोकं पाडलेल्या नळांतून खाली कोसळलं पाहिजे. एक साखळी आणि तीन कामं. असं काही होतं हे त्याने सुरतेच्या एका गिरणीत डोळ्यांनी पाहिलं होतं. तापीबाईला त्याने तसा शब्दच दिला. हंगामाला बाया परत येतील की नाही, हे तापीबाईच्या एका मानेवर ठरायचं, आणि तिने मान हलवली ती या शब्दावर.

आता प्रश्न आला की हे काम द्यायचं कोणाला. कमिटीत दोन तट पडले. हिलाल पाटील म्हणाला, ज्याचं त्याच्याकडून घ्या. मोटारी सुरतेहून, घंटा आणि तारा धुळ्याहून, टाकी, नळ, व्हॉल्व नंदुरबारहून. ज्याचा जो धंदा त्यात तो पक्का, आणि एक बुडाला तरी बाकीचे उभे राहतात. रतिलालला ते पटेना. उद्या साखळी ओढली आणि पाणी आलं नाही तर सुरतवाला धुळ्याकडे बोट दाखवणार, धुळेवाला नंदुरबारकडे, आणि आपण मधल्या मधे तिन्ही गावांच्या गाड्या बदलत फिरणार. एक ना धड भाराभर चिंध्या! त्यापेक्षा सगळं एकाच माणसाकडून घ्यावं. चुकलं तर धरायला एकच मान.

बोलणं अगदी बिनतोड होतं. फक्त ती एक मान कोणाची, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. शहाद्याला विजेच्या सामानाचं मोठं दुकान होतं चुनीलालचं, आणि चुनीलाल म्हणजे रतिलालचा व्याही. रतिलालची एकुलती एक लेक अनुसया त्या घरात दिली होती. चुनीलाल त्या महिन्यात गावात दोनदा येऊन गेला. पेरू घेऊन आला, पिकापाण्याच्या गप्पा मारल्या, जिनाचं बांधकाम लांबून बघितलं आणि कामाचं अवाक्षर न काढता परत गेला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. रतिलालच्या बायकोने, जसोदाबाईने, त्याला रात्रीच्या जेवणाला वाढताना एवढंच म्हटलं, की पोरीला तिसरा महिना आहे. रतिलालने उत्तर दिलं की व्याही म्हणून नाही, काम एकहाती व्हावं म्हणून. जसोदाबाईने पुढची भाकरी वाढली.

काम चुनीलालला गेलं. माणूस कामाला वाईट नव्हता. भिंतीतून तारा नीट गेल्या, मोटारी चकचकीत बसल्या. पूजेच्या दिवशी अख्खं गाव जमलं. गुरुजींनी नारळ फोडला आणि रतिलालने सगळ्यांदेखत साखळी ओढली. घंटा अशी वाजली की बाहेरचे बैल उधळले. मोटारी घरघरत थांबल्या. सगळ्यांनी माना वर केल्या.

पाणी आलं नाही. दोन थेंब पडले, तेही गुरुजींच्या पोथीवर.

चुनीलाल हसला. व्हॉल्व नवा आहे, जरा जड असणार, माणूस पाठवतो म्हणाला. लोक रतिलालकडे बघायला लागले. दुसरा कोणी असता तर रतिलालने त्याला तिथेच उभा सोलला असता. पण त्याने दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, होईल हो, घाई काय आहे. त्याच्या तोंडून 'घाई काय आहे' ऐकून हिलालने मान खाली घातली, कारण ते ऐकताना त्याला लाज वाटली.

आता इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. लेक दिली की बापाने त्या घरातून काही घ्यायचं नाही. तिला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. बाप गेला तर पाण्याच्या पेल्याला बोट लावतो आणि तसाच खाली ठेवतो. मुलीच्या बापाने द्यायचं आणि वाकायचं. मागणं आणि खडसावणं त्याच्या वाट्याला येत नाही. रीत जुनी आहे, आणि रतिलाल रिती पाळणाऱ्यातला होता. एकच मान धरायला हवी म्हणून त्याने एकाला काम दिलं खरं, पण धरता येणार नाही अशी जगात एकच मान होती आणि नेमकी तीच त्याने निवडली! तीन बाजार बैलाचे दात बघणाऱ्या माणसाने हे केलं.

चुनीलालचा माणूस आला नाही. हंगाम सुरू झाला, कापसाच्या गाड्या दारात लागल्या. रतिलाल एकदा शहाद्याला जाऊन आला, पण तिथे झोपाळ्यावर बसून भावाबद्दल बोलला, पावसाबद्दल बोलला, लेकीने आणलेल्या पेल्याला बोट लावलं आणि परत आला. आपलेच दात आपलेच ओठ. बोलायचं कुठल्या तोंडाने? उद्या अनुसयाला कोणी टोमणा मारला, की तुझा बाप दहा लोकांत आमच्या कामाला नावं ठेवतो, तर ती तिथे एकटी काय करणार, याच विचाराने त्याच्या घशाशी आलेला शब्द मागे जाई. आणि जिनात पाय टाकला की त्याची नजर आधी वर जाई. छतापर्यंत रुई भरलेली आणि वर कोरडे नळ.

एक दिवस दुपारच्या सुट्टीत तापीबाई त्याच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. तिच्यामागे बाया भाकरी सोडून बसल्या होत्या आणि कोणी खात नव्हतं. तिने भाजलेल्या हातावरचा पदर नीट केला.

“भाऊ, साखळी ओढसूत तं पानी येई का?”

हो म्हणणं खोटं होतं आणि नाही म्हणणं म्हणजे जिन आजच बंद करणं. रतिलाल उठला आणि त्याने आपल्या हाताने मोटारी बंद केल्या. बायांना म्हणाला, पाणी येईस्तोवर आत पाय ठेवू नका, मजुरी सोसायटी देईल. मग तो तसाच शहाद्याच्या गाडीत बसला.

चुनीलाल घरीच होता. जेवून झोपाळ्यावर पडला होता, तो व्याही आला म्हणून उठून बसला. अनुसया डोक्यावर पदर घेऊन पाण्याचा पेला घेऊन आली. पोट आता दिसायला लागलं होतं आणि चेहरा रतिलालला जरा सुकलेला वाटला. त्याने पेला हातात घेतला. बोट लावायला म्हणून घेतला तो तसाच धरून बसला. मग तोंडाला लावला आणि घटाघट सगळा प्यायला.

झोपाळा थांबला. स्वयंपाकघराच्या दारात विहीणबाई येऊन उभ्या राहिल्या. अनुसयाचा हात पुढे केलेला तसाच राहिला.

“याही,” रतिलाल म्हणाला, “आज मी पोरीना बाप म्हनीसन नही उनू. गिऱ्हाईक म्हनीसन उनू. गिऱ्हाईकले पानी चालस.”

आणि मग गिऱ्हाईक म्हणून आलेल्या माणसाने विचारावं तसं त्याने विचारलं. आवाज चढवला नाही, पण काही शिल्लकही ठेवलं नाही. पाणी का येत नाही, माणूस का पाठवला नाही, उद्या बाया जळाल्या तर कोणाच्या दारात जायचं. चुनीलालचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्याने झोपाळ्याची कडी चाचपली. शेवटी खरं बाहेर आलं. मोटारी त्याने सुरतेहून आणल्या होत्या, घंटा आणि साखळी धुळ्याहून आणि व्हॉल्व नंदुरबारहून. हिलालने नावं घेतली होती तीच तीन गावं. आता व्हॉल्ववाला म्हणत होता की तुमच्या साखळीचं वजन कमी पडतं, आणि साखळीवाला म्हणत होता की व्हॉल्वच चुकीचा आहे. चुनीलाल दोघांच्या मधे बसला होता.

“तुम्ही काही बोलनात नही,” तो हळूच म्हणाला, “म्हनीसन मी बी बसी ऱ्हायनू.”

रतिलालला त्याचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःचा. आपण कमिटीत एक की अनेक म्हणून भांडलो, आणि एकाच्या पोटातही अनेकच निघाले. एक घ्या नाहीतर दहा घ्या, ज्याला तोंडावर विचारता येतं त्याच्याकडूनच घ्यावं, एवढी साधी गोष्ट होती. उद्या सकाळी मी स्वतः येतो, पाणी पाडल्याशिवाय हलत नाही, असं चुनीलालने कबूल केलं. विहीणबाई आत गेल्या.

तो निघाला. ओट्याच्या पायरीवर अनुसया रिकामा पेला हातात घेऊन उभी होती. आता कुठे रतिलालच्या लक्षात आलं की इतका वेळ त्याच्या जिभेवर काहीतरी चरचरत होतं.

“पोरी, हाई पानी खारं शे?”

तिने मान हलवली. विहीरच खारी होती. इथे आल्यापासून ती हेच पाणी पीत होती. महिना चढल्यापासून तर ते घशाखाली उतरत नव्हतं. तापीच्या गोड पाण्यावर वाढलेली पोर. रतिलालने विचारलं, की मग कधी सांगितलं का नाहीस.

“तुम्ही आठे पानी पितसच नही ना, आबा,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच त्याला सोसेना. परतीच्या गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला आणि गाव येईपर्यंत डोळे पुसत राहिला.

चुनीलाल शब्दाला जागला. सकाळी दोन माणसं घेऊन आला, दिवसभर शिडीवर चढला-उतरला, व्हॉल्वच्या दांडीला दुप्पट वजन बांधलं आणि दिवस मावळायच्या आत तयार आहे म्हणाला. साखळी रतिलालने ओढली नाही. तापीबाईला पुढे बोलावलं. तिने भाजलेल्या हातानेच ओढली. घंटा वाजली, मोटारी थांबल्या आणि छतावरून असं पाणी कोसळलं की खाली उभा असलेला चुनीलाल टोपीसकट न्हाऊन निघाला. बाया हसता हसता एकमेकींच्या अंगावर पडल्या. हिलालने आपल्या खांद्यावरचा पंचा काढून चुनीलालला दिला.

चुनीलाल डोकं पुसत रतिलालपाशी आला. मिटलं ना आता, असं त्याने विचारलं. रतिलालने जिनाचं मिटलं म्हणून सांगितलं आणि त्याला गाडीपर्यंत सोडायला गेला. गाडीत अनुसयासाठी तापीच्या पाण्याने भरलेल्या, तोंडाला फडकं बांधलेल्या दोन घागरी ठेवलेल्या होत्या. चुनीलालने घागरींकडे बघितलं, मग व्याह्याकडे.

“याही,” रतिलाल म्हणाला, “आते मी दर खेपले तुमना घरनं पानी पिसू.”