नाकातलं घुंगरू

मित्रांनो, मला कपाटावरून खाली काढाल तेव्हा हळूच एकदा हलवून पाहा. आतून छुम् असा आवाज येईल. काही मोडलं असं समजू नका. मी एक जुना ग्लायडर आहे, म्हणजे इंजिन नसलेलं छोटं विमान, आणि तो आवाज माझ्या नाकातून येतो. तो तिथे कसा आला, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म नागपुरातल्या एका शाळेत, अडुसष्ट साली झाला. तिथले गिरिधर सर दर शनिवारी शाळा सुटल्यावर मुलांना विमानं बांधायला शिकवायचे. नववीतली वच्छला ही त्या वर्गातली एकटी मुलगी. तिनेच मला बांधलं. कलकत्त्याहून पार्सलने आलेलं बाल्सा नावाचं हलकं लाकूड तिने ब्लेडने कापलं. त्याच्या बरगड्या करून माझे पंख उभे केले, त्यांवर पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने चिकटवला आणि पाण्याचा हलका फवारा मारला. कागद वाळताना असा ताणला गेला की टिचकी मारली तर डफासारखा वाजायचा.

पंख वरून फुगीर का, हे सरांनी चित्र काढून समजावलं होतं. असा पंख पुढे सरकताना हवेला खाली ढकलतो आणि हवा त्याला वर उचलते. पण त्यासाठी विमान पुढे सरकत राहिलं पाहिजे. नाक फार वर गेलं की वेग जातो, वेग गेला की पंखाखालचा आधार जातो. वच्छलाने ते ऐकलं, मान हलवली. पण ऐकलेलं आणि कळलेलं यांत अंतर असतं, ते मी पुढे अनुभवलं.

तिचे बाबा मधुकरराव पोस्टात कारकून होते. माणूस प्रेमळ, पण मुलीने शनिवारी उशिरापर्यंत शाळेत थांबावं हे त्यांना पटत नव्हतं. त्यांनी एकच सांगितलं होतं, "हे एक विमान होऊ दे. उडलं त पुढच्या वर्गाचं पाहू. नाही उडलं त शनिवारी घरी थांबायचं." सरांच्या पुढच्या वर्गात इंजिनाचं विमान बांधायचं होतं. सरांनी शाळेत मांडून ठेवलेल्या त्या इंजिनाकडे वच्छला येता-जाता बघायची, जसं तुम्ही मिठाईच्या दुकानाकडे बघता.

दसऱ्याच्या सुमारास मी तयार होऊन तिच्या घरी आलो. खंडेनवमीला बाबांची सायकल आणि आईची शिलाई मशीन यांच्या शेजारी मलाही पाटावर बसवलं. खरं सांगू, मी फुगून गेलो. पण घरातल्या सगळ्यांना माझी शेपटी बारीक दिसली. बारीक लेकराला येणारा-जाणारा एकेक घास भरवतो ना, तसं माझं झालं.

लकडगंजात लाकडाचं दुकान असलेले भैय्याजी मामा आले. त्यांनी मला तळहातावर घेतलं आणि हसले. "काय वं वच्छे, हे लाकूड हाय का पापड? शेपटी पहिल्याच दिवशी मोडते तुही." दुसऱ्या दिवशी त्यांनी सागवानाची सुबक पट्टी आणून माझ्या शेपटीखाली स्वतः चिकटवली. बाबांनी घरात उरलेल्या लाल ऑइलपेंटने शेपटीवर वच्छलाचं नाव लिहिलं, दोन हात देऊन. आणि आईने, कौसल्याबाईंनी, वच्छलाच्या तान्हेपणीच्या वाळ्यातलं एक घुंगरू जपून ठेवलं होतं, ते दृष्ट लागू नये म्हणून काळ्या दोऱ्याने शेपटीलाच बांधलं.

विमानं उडवून पाहायची सरांची परीक्षा रविवारी होती. शुक्रवारी वच्छलाने मला मैदानात सोडून पाहिलं. मी नाक वर करून आभाळाकडे निघालो. क्षणभर वाटलं, आता थेट सोनेगावच्या विमानतळावरच जातो. मग हवेतच थांबलो आणि शेपटीवर धप्पकन पडलो. तिने पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. बरोबरीची मुलं म्हणाली, याला कोंबडी म्हणायचं का?

सर रागावले नाहीत. त्यांनी तिला मला पंखांखाली दोन बोटांवर तोलायला सांगितलं. शेपटी लगेच खाली गेली. तेव्हा तिला कळलं. रडू आलं ते मी पडलो म्हणून नाही. आता घरी कोणाकोणाला काय सांगायचं, म्हणून.

शनिवारी तिने सागवानाची पट्टी अलगद सोडवली आणि स्वतः लकडगंजला नेऊन मामांसमोर ठेवली. "मामा, पट्टी लई छान हाय. पण माह्या विमानाले पेलत नाही." मामा थोडा वेळ गिऱ्हाइकाशीच बोलत राहिले. मग पट्टी उचलून म्हणाले, "असू दे. तुह्या लग्नातल्या पाटाले लावतो." म्हणजे रुसले नव्हते.

बाबा पेपर वाचत होते, तेव्हा ती त्यांच्यासमोरच ब्लेडने रंग खरवडू लागली. त्यांनी पेपर खाली केला. "एखादं अक्षर तरी ठेव," एवढंच म्हणाले. तिने 'व' ठेवला.

राहिलं घुंगरू. त्याला मात्र तिचा हात लागेना. रविवारी सकाळी ती मला बोटांवर तोलत बसली होती, शेपटी अजून झुकत होती. आई चहा घेऊन आली.

"काहून अशी तोंड पाडून बसून राहिली वं?"

वच्छलाने शेपटीकडे बोट दाखवलं. आईने कप खाली ठेवला, दोऱ्याची गाठ दातांनी सोडली आणि घुंगरू तळहातावर घेऊन विचारलं, "मंग आता हे कुठं ठेवू, सांग."

वच्छलाने माझं नाक चाचपून पाहिलं. माझ्या नाकात एक पोकळी होती. तिथे थोडं वजन लागतंच, मुलं त्यात खिळ्यांचे तुकडे भरतात. तिने घुंगरू तिथे बसवलं, वरून मेण लावलं आणि मला पुन्हा बोटांवर घेतलं. मी सरळ राहिलो. ना नाक खाली, ना शेपटी. आईने हात न लावता लांबूनच बोटं मोडून माझी दृष्ट काढली.

मैदानावर सरांनी मला हलवलं. छुम् वाजलं. मुलं हसली. सर म्हणाले, "बरं केलंस. नाक डोललं तर हे वाजेल. विमान नीट चाललं तर गप्प राहील. सोड."

तिने सोडलं. मित्रांनो, त्या दिवशी हवेने मला पहिल्यांदा धरलं. मी कडुनिंबाच्या सावलीवरून गेलो, भिंतीपाशी पदर घेऊन उभ्या असलेल्या आईसमोरून गेलो, सायकल धरून उभ्या असलेल्या बाबांच्या डोक्यावरून गेलो. सगळे कान देऊन होते. आणि माझ्या नाकातून आवाज नाही. पार पलीकडे गवतात पोट टेकलं, तेव्हा छुम्.

बाबा सरांजवळ गेले. "पुढच्या शनिवारी हे क्लास किती वाजता सुटते?" त्यांनी विचारलं. "म्हणजे मी सायकल घेऊन येतो."

पुढे वच्छलाने इंजिनाचं विमान बांधलं. मग कॉलेज, नोकरी, लग्न. मी कपाटावर गेलो, तो पंधरा वर्षं तिथेच राहिलो. झुरळांनी माझी खळ खाल्ली, पंखाचा कागद फाटला, वर गाद्यांचं बोचकं आलं तेव्हा एक बरगडीही मोडली. वाईट वाटलं, नाही कसं म्हणू? पण रागावलो नाही. तिचे हात दुसरीकडे गुंतले होते.

ती आता शाळेत विज्ञान शिकवते. परवा तिच्या पाच वर्षांच्या लेकीने स्टुलावर चढून मला ओढलं आणि हलवलं. "आई, याच्या पोटात काय हाय?" वच्छला पोळी लाटत होती. तव्यावरची पोळी करपली तरी ती सांगत राहिली.

आता तिने बरगडी जोडून माझ्यावर नवा कागद चढवला आहे, शेपटीवर जुना 'व' तसाच आहे. तुम्हाला एवढंच सांगतो, मुलांनो. माझ्यावर काही लावावंसं वाटलं, तर आधी मला दोन बोटांवर तोला. कपाटावर ठेवाल तर वर बोचकं ठेवू नका. आणि सोडाल तेव्हा जोर करू नका, नुसता हात सोडा. मी हवेत असेन तोवर काही ऐकू येणार नाही. घाबरू नका, कान देऊन उभे राहा. मी टेकलो की कळेलच.