आवाज चारुलताचा

बुऱ्हाणपूरच्या त्या हॉलमध्ये प्रतिभाच्या खांद्यावर शाल पडली, टाळ्या वाजल्या, आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या चारुलताच्या अंगाचा तिळपापड झाला.

चाळीसेक वर्षांपूर्वी दोघींचे वडील एकाच पेपर मिलमध्ये कामाला होते. दोन्ही घरं मूळची जळगावकडची, मिलची क्वार्टर भिंतीला भिंत लागून. तेव्हा टीव्हीसाठी 'दूर का आँगन' नावाची हिंदी मालिका काढणारी मंडळी मिलमध्ये आली. कागदाच्या मशीनचे प्रचंड रूळ त्यांना अंतराळयानाचं पोट म्हणून हवे होते. यानात एकटी उरलेली मुलगी म्हणून त्यांनी प्रतिभाला निवडलं. डोळेच तसे होते तिचे. पण तोंड उघडलं की तिच्या हिंदीत खानदेशी उतरायची. चारुलताची हिंदी मात्र स्वच्छ होती, मग डायरेक्टरने तिला आवाजासाठी बोलावलं. मशीनची घरघर येऊ नये म्हणून गोदामात गाद्यांचा आडोसा केला. तिथे छोट्या टीव्हीवर प्रतिभाचे ओठ बघत चारुलता तिचे संवाद बोलायची. मालिका घराघरांत पोचली, पण पडद्यावर नाव आलं एकट्या प्रतिभाचंच. लोक बाजारात प्रतिभाला थांबवत, तेव्हा चारुलता भाजीची पिशवी घेऊन बाजूला उभी राही.

आता ऋषिकेश नावाचा तरुण त्या मालिकेच्या निर्मितीवर माहितीपट करत होता. हा सत्कार त्यानेच ठेवलेला.

"मॅडम, वो वाला डायलॉग हो जाए!" त्याने माइक पुढे केला.

चारुलता सावरून बसली. आता कळेल सगळ्यांना.

"पृथ्वी, मैं अभी जाग रही हूँ," प्रतिभा म्हणाली. आवाज चिरका, अगदी घरगुती.

कुणालाच काही खटकलं नाही. लोक उभे राहून टाळ्या पिटू लागले.

चारुलताला राहवलं नाही. ती उठली आणि तेच वाक्य जागेवरून म्हणाली. आवाज थोडा जाडावला होता, पण तोच. टाळ्या विरल्या. मागून कुणी हसलं, "आंटी तो पक्की फैन निकलीं!"

"फैन नाही हो," प्रतिभा माइकवर म्हणाली. "आवाज हिचाच व्हता. मी नुसते ओठ हलवले. चारू, वर ये ना."

चारुलता वर गेली. "इतकी वर्षं का नाही सांगितलंस?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"कोनी इचारलंच नाही. अन् मलेबी गोड लागे, लोक वळखत तं."

प्रतिभाने आपली शाल काढून तिच्या खांद्यावर घातली. हॉल पुन्हा दणाणला, तोही प्रतिभाच्या मोठ्या मनासाठी. हक्काचं होतं ते चारुलताला दान म्हणून मिळालं. शाल तिला टोचू लागली.

कार्यक्रम संपल्यावर ऋषिकेशने मागच्या खोलीत कॅमेरा लावला. "मावशी, आवाजाचं सगळं सांगा. दोघी शेजारी बसा."

"मी एकटी बोलेन," चारुलता म्हणाली. "तिला बाहेर जाऊ दे."

प्रतिभा पर्स उचलून निघून गेली. चारुलताने घसा खाकरला, पदर नीट केला आणि सुरुवात केली, "प्रतिभा आणि मी..."

तोंडून पहिलं नाव प्रतिभाचंच निघालं, तशी ती थांबली.

"हे काढून टाक," ती चिडून म्हणाली. "पुन्हा घेऊ."