चेवी

"फिर से? अभी तो गई थी ना तू," म्हणत वसुंधराबाईंनी कमरेची चावी सोडली आणि शिरीषाच्या तळहातावर ठेवली.

पहिलीतली पोर. महिन्यापूर्वी श्रीकाकुलमहून आलेली. बाप स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला. शाळेच्या हिंदीतला एकच शब्द तिला येत होता, तोही धड नाही. चावीला ती चेवी म्हणायची. पुढे आणखी काही पुटपुटायची, पण ते कोण ऐकतंय!

मुलींच्या संडासाला कुलूप आणि चावी वसुंधराबाईंच्या कमरेला. सव्वीस वर्षं त्या ह्या शाळेत आया होत्या. कुणाचं पोट गणिताच्या तासापुरतं दुखतं आणि कुणाचं खरंच, हे त्या नुसत्या चेहऱ्यावरून सांगत. सगळी शाळा ते मानायची.

सोमवार. चावी दोनदा गेली, दोनदा आली.

मंगळवार. चारदा.

बुधवार. वर्गाच्या नीरजा मॅडम वैतागल्या. हिला जरा पाणी कमी पिऊ द्या, म्हणाल्या. मग कौतुकानंच म्हणाल्या, की परवा मैदानात गुडघा फुटला तरी पोरीनं हूं की चूं केलं नाही. लेबरची मुलं ही, ह्यांना लागतच नाही. वसुंधराबाईंनी मान डोलावली.

त्यांना खटकत होतं ते वेगळंच. संडासाच्या आतल्या भिंतीच्या टाइलवर, त्यांच्या कमरेच्या उंचीला, कुणीतरी रोज तेलकट डोकं टेकवत होतं. डाग पुसताना त्या चरफडायच्या. गुरुवारी कंटाळा आला आणि तो तसाच राहू दिला.

त्या संध्याकाळी घरी, चरोद्याला, शेजारच्या नरसम्मा दारात मटार सोलत बसल्या होत्या. मूळच्या तेलुगू, नवरा रेल्वेत गार्ड होता; मराठी शेजारात चाळीस वर्षं काढून मराठी त्यांच्या जिभेवर बसली होती. वसुंधराबाईंनी त्यांना शाळेतली गंमत रंगवून सांगितली.

"तुमच्याच मुलखाची पोरगी आहे, अम्मा. दिवसभर चावी मागून राहिली मले. चेवी नोप्पी, चेवी नोप्पी."

नरसम्मांचे हात थांबले.

"चावी नाही मागून राहिली ते. चेवी म्हणजे कान. नोप्पी म्हणजे दुखते."

वसुंधराबाई बोटांवर दिवस मोजायला लागल्या. चौथ्या बोटावर अंगठा तसाच राहिला.

"अन् मी तिले संडासात धाडून राहिली होती," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी घंटेआधीच त्या फाटकात उभ्या. शिरीषा आली तशा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि शब्द जपून उच्चारला, "चेवी नोप्पी?"

पोरीनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मागे वळून, कुणी घरचं आलंय की काय म्हणून. मग जो गळा काढला, तो वरच्या मजल्यापर्यंत गेला. नीरजा मॅडम धावत आल्या. गिर गई क्या, विचारू लागल्या.

"ना मॅडम," वसुंधराबाई म्हणाल्या. "किसी ने पूछा, इसलिए रो रही है."

बापाला बोलावलं, आणि तो नि वसुंधराबाई तिला दवाखान्यात घेऊन गेले. कान पिकला होता. पडदा शाबूत आहे, पण आणखी दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

दुपारी वसुंधराबाई ओलं फडकं घेऊन संडासात गेल्या. कालचा डाग तिथंच होता. फडकं त्यांनी बादलीच्या काठावर टाकलं. पदर सावरला, एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि डागावर आपला कान ठेवला.

टाइल गार होती. चांगली गार होती.