शक्तीच्या गोळ्यांची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. बाजारहाटाची ऐसपैस पिशवी नव्हे. तळहातावर मावणारी, राखाडी कापडाची आणि एका बाजूला चेन असलेली. ती चेन मध्येच अडते. जरा मागे घेऊन पुन्हा ओढावी लागते. वय झाले की प्रत्येकाचे काही ना काही अडतेच, माझे तेवढ्यावरच निभावले आहे.

माझा जन्म कपडे दुरुस्त करण्याच्या, घराला लागून असलेल्या एका लहानशा दुकानात झाला. ते दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळी गिऱ्हाइके शिवणताई म्हणत. एका कोटाच्या अस्तराचा उरलेला तुकडा आणि एका जुन्या स्कर्टची चेन घेऊन ताईने मला शिवले. दुहेरी शिवण घातली, धागा दातांनी तोडला आणि मला उलटीची सुलटी केले. आजवर माझा एक टाका उसवलेला नाही. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवणाऱ्या बाईने स्वतःसाठी असे काही शिवले असेल, तर ती मीच! याचा मला फार अभिमान वाटे.

पण मला शिवण्यामागचे कारण आनंदाचे नव्हते. त्या दिवशी ताई डॉक्टरांकडून आली होती. दुकानाचे शटर उचलताना तिच्या छातीत दुखले होते. हृदय थकले आहे, गोळ्या चुकवायच्या नाहीत, असे डॉक्टरांनी बजावले होते. नेमकी तेव्हाच तिच्या लेकीला परदेशात नोकरी लागली होती.

"आत्ता कळलं तर पोरगी जायचीच नाही," ताई मशीनशी बोलावे तशी पुटपुटली आणि गोळ्या माझ्यात भरू लागली. मी लहान, गोळ्यांच्या पट्ट्या लांब. शिवणकाम करणाऱ्या माणसाला मापाबाहेरचे काही दिसले की राहवत नाही. ताईने कात्री घेतली आणि पट्ट्या कापून एकेक गोळी वेष्टनासकट सुटी केली. मग मला मशीनमागच्या खिळ्यावर, मोजपट्टीच्या आड टांगले.

ताईच्या नवऱ्याला सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. त्यांनी जन्मभर बस चालवली आणि मग एक दिवस कंटाळा आला म्हणत नोकरी सोडली. त्यांनी एकदा ताईला गोळी घेताना पाहिले आणि कसली म्हणून विचारले.

"शक्तीची आहे. या वयात लागते," ताई म्हणाली.

"बरं," असे म्हणून काकांनी वर्तमानपत्राचे पान उलटले.

अशी दोन वर्षे गेली. मी इमानाने चाकरी केली. दुकानात गिऱ्हाईक असले तर ताई भिंतीकडे तोंड करून गोळी गिळायची. लोकांना वाटे, टाचण्या तोंडात धरल्या आहेत. मला वाईट वाटे, पण मी पडले पिशवी, बोलणार काय आणि कोणाला?

मग एके दिवशी लेकीचा फोन आला. तिला बाळ होणार होते.

"आई, बाबा, तुम्ही दोघं या ना. मला फार भीती वाटते गं," ती म्हणाली. "आणि प्रवासाचा विमा नीट बघून घ्या. इथे दवाखान्याचा खर्च परवडण्यासारखा नसतो."

ताईला इतका आनंद झाला की एका गिऱ्हाइकाच्या पँटचे तिने दोन्ही पाय वेगवेगळ्या मापाचे करून ठेवले. मात्र त्या दिवसापासून माझी चेन उघडली की ती गोळ्या पुन्हा पुन्हा मोजू लागली. आजार सांगितला तर लेक म्हणणार, तू घरीच आराम कर. आणि तिकडे पोर पहिल्या बाळंतपणाला एकटीच. हा घोर तिला आतून खात होता.

विम्याचे कार्यालय एक जिना चढून वर होते. मी ताईच्या पर्समध्ये होते. विमावाल्या बाईंचा चष्मा गळ्यातल्या दोरीला लटकत होता. त्यांनी आधी चौकशी केली, "दोघांपैकी कुणाला काही आजार? काही औषधं चालू आहेत?"

"छे! आम्ही ठणठणीत," काका म्हणाले. "ही शक्तीच्या गोळ्या घेते, तेवढंच. तुम्ही बॅगांचं बोला. विमानात बॅगा हरवतात म्हणे."

बाईंनी तीन योजना समोर ठेवल्या. पहिली सर्वांत स्वस्त, बॅगांची भरपाई भरघोस. दुसरीत दवाखान्याचा मोठा खर्च मिळत होता. पण पहिलीप्रमाणेच तिच्यातही जुना आजार उफाळला तर एक पैही मिळणार नव्हती. तिसरीत तोही खर्च मिळत होता, मात्र आजार आधी सांगायला हवा. ती जरा महागही होती. काकांचे बोट केव्हाच पहिलीवर जाऊन बसले होते.

"काका, पासपोर्टची झेरॉक्स लागेल," बाई म्हणाल्या. "खालीच दुकान आहे. आणता का जरा?"

काका खाली गेले. बाईंनी पेन बाजूला ठेवले.

"ताई, आजाराचा प्रश्न मी प्रत्येकाला दोनदा विचारते. एकदा घरच्यांसमोर आणि एकदा एकट्याला. घरच्यांसमोर सगळेच ठणठणीत असतात."

ताईने दाराकडे पाहिले. "खरं सांगितलं तर विमा मिळणार नाही ना?"

"बहुतेकांना मिळतो. डॉक्टरांचं पत्र लागतं, दोन पैसे जास्त जातात. पण लपवून घेतलात आणि तिकडे काही झालं, तर कंपनी जुने कागद मागते आणि हात वर करते. मग दवाखान्याचं बिल कुणी भरायचं? तुमच्या बाळंतीण लेकीनं?"

ताईने पर्समधून मला काढले. माझी चेन अडली. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण ती अडलीच. बाई शांतपणे थांबल्या. अखेर चेन सुटली आणि पट्ट्यांचे कापलेले तुकडे टेबलभर पसरले.

"अहो, यांची नावं कुठे गेली?"

"मावत नव्हत्या हो," ताई ओशाळून म्हणाली.

"परक्या देशातल्या डॉक्टरांना ही ठिगळं दाखवणार होतात?" बाईंना हसू आवरेना. मग दोघींनी तुकड्याला तुकडा जुळवून नाव वाचायला सुरुवात केली. तेवढ्यात काका दारात उभे!

"या शक्तीच्या ना?" त्यांनी विचारले.

"हृदयाच्या आहेत," ताई म्हणाली. "दोन वर्षं झाली."

काकांनी हातातली झेरॉक्स टेबलावर आपटली. मग त्यांचा आवाज चढला. "दोन वर्षं! एका छपराखाली राहून! मी काय परका आहे का?" ताईचे डोळे भरून आले.

"ताई," विमावाल्या बाई मध्येच म्हणाल्या, "खालून एक मोठं पाकीट आणा बरं."

"आत्ता?"

"आत्ताच."

ताई पदराने डोळे पुसत खाली गेली. मी तशीच तोंड उघडे टाकून टेबलावर राहिले.

"काका, आता तुमची पाळी."

"माझं काय? मी तर..." काका अडखळले. मग त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली. चष्मा पुसायच्या फडक्याखाली गोळ्यांची पट्टी होती.

"साखर आहे मला," ते हळूच म्हणाले. "बस कंटाळून नाही सोडली. समोरचं धूसर दिसायला लागलं होतं, आणि मागे एवढी माणसं बसलेली. हिला कसं सांगणार? ही आधीच दमलेली दिसायची."

मित्रांनो, मी त्या डबीकडे पाहतच राहिले. आम्ही दोघी इतके दिवस एकाच घरात नांदत होतो आणि आमची ओळख आज होत होती!

ताई परत आली तेव्हा काकांनी डबी मुकाट्याने तिच्यापुढे धरली. तिने ती उघडून पाहिली. मग रडता रडताच हसली.

"मघाशी ओरडत कोण होतं?"

"चुकलं," काका म्हणाले. मग विमावाल्या बाईंकडे वळून म्हणाले, "ती तिसरी द्या. बॅगा गेल्या खड्ड्यात."

पुढे डॉक्टरांनी दोघांना तपासले, ताईची एक गोळी बदलली आणि प्रवासाला हरकत नाही असे लिहून दिले. विमा झाला. तरी सर्वांत कठीण काम उरलेच होते. ताईने फोन मशीनला टेकवून उभा केला आणि दोघांनी लेकीला सगळे सांगितले.

"तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?" तिने विचारले.

"तू येऊ नको म्हणशील म्हणून गं..." ताई म्हणाली.

"दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर मी आलेच नसते इकडे. ते खरंच आहे." लेक रडत होती. "पण आता तू तिथे राहिलीस तर माझा जीव टांगणीला लागेल. तू ये आई. बाळाचं मी बघेन. तू फक्त माझ्या डोळ्यांसमोर राहा."

आम्ही गेलो. बॅगा सुखरूप पोहोचल्या आणि विम्याचा कागद उघडायची वेळच आली नाही. तरी मी त्या विमावाल्या बाईंची जन्माची ऋणी आहे. त्यांनी दुसऱ्यांदा विचारले नसते, तर मी अजून खिळ्यावर लटकत असते.

एका सकाळी ताईच्या मांडीवर बाळ झोपले होते. तिला उठता येईना. लेकीने स्वतः माझी चेन उघडली, गोळी काढली आणि ताईच्या तोंडाशी नेली.

"अगं, मी तुझं करायला आले ना?" ताई म्हणाली.

"मग कर की. आधी आ कर."

मित्रांनो, माझे कापड आता विरले आहे, पण त्याचे मला दुःख नाही. तुमच्याकडे एकच मागणे आहे. आपल्या घरातली मोठी माणसे कोणती औषधे घेतात, ते त्यांच्याजवळ बसून विचारा. माझ्यासारख्या पिशवीला त्यांचे गुपित सांभाळता येते. पण पाण्याचा पेला त्यांच्यापुढे धरता येत नाही. तो तुम्हालाच धरावा लागेल.