बल्बची पापणी

बावीस दिवस

थोरल्या भावाच्या घशाच्या ऑपरेशनला इतके उरले होते. नंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. आणि या माणसाने तर आवाजावरच संसार केलेला. भाजीच्या घाऊक बाजारात तीस वर्षं लिलाव पुकारले. मागच्या रांगेतल्या व्यापाऱ्याची नुसती पापणी हलली तरी त्याला बोली कळायची.

त्याच्या मुलीने एक कॉम्प्युटर आणला, पत्त्यांच्या जोडाएवढा, उघडा बोर्डच. बापाने रोज दोन तास वाचायचं, बोर्डाने ते आपल्या मेमरी कार्डावर साठवायचं. पुढे मशीन त्याच्याच आवाजात बोलेल. वीज मात्र दिवसातून चारदा दगा द्यायची. अशा बोर्डासाठी छोटा तयार यूपीएस मिळतो, तो मागवू, असं ती काकाला म्हणाली.

काका, म्हणजे धाकटा, वायरमन होता. घरात वायरमन असताना यूपीएस विकत आणायचा म्हणजे आचाऱ्याने बाहेरून डबा मागवायचा. त्याच्या खणात एक जुनी पॉवर बँक पडून होती. फुकटात काम होतंय म्हणाला.

क्षणभर

काहीही जोडलं की आधी बल्ब लावून बघायचा, ही त्याची रीत. बल्ब खोटं बोलत नाही, असं तो शिकाऊ पोरांना सांगायचा. पॉवर बँक भिंतीला जोडली, तिला टॉर्चचा बल्ब लावला आणि भिंतीतला प्लग उपसला. बल्ब विझला नाही.

फक्त मिटल्यासारखा झाला. मिटला आणि सावरला.

तेवढं चालतं, असं धाकट्याने मनाशी म्हटलं. थोरला समोरच बसला होता, काही बोलला नाही. पुतणीला धाकट्याने सांगितलं, "डोळे झाकून लाव."

एकोणिसावा दिवस

तोवर तीनदा, वाचन चालू नसताना, वीज गेली की बोर्ड आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता. माझ्याच प्रोग्राममध्ये खोट असेल, असं पुतणी म्हणाली. काकाने मान डोलावली. ती मान त्याला अजून आठवते.

एकोणिसाव्या दिवशी थोरला वाचत असताना वीज गेली. बोर्ड कार्डावर लिहीत होता, त्याचा हात मधेच सुटला. पुन्हा सुरू झाला तेव्हा कार्ड कोरं. सगळं झालं की एकदमच दुसरीकडे उतरवू, असं ठरलेलं, म्हणून दुसरी प्रत नव्हती. दुकानदाराने कार्ड उलटसुलट पाहिलं आणि माल हलका होता म्हणाला. ऑपरेशनला तीन दिवस उरलेले, आणि दुसऱ्याच दिवशी थोरल्याचा घसा पूर्ण बसला; पुन्हा वाचणं जमलंच नाही.

नंतर

ऑपरेशन झालं. थोरला पाटीवर लिहायला लागला. पुतणी जेवताना घास हातात धरून म्हणायची, कार्ड घेताना मी चार पैसे वाचवले नसते तर. धाकटा पाणी प्यायचा.

महिन्याने त्याने तो तयार यूपीएस मागवला आणि कुणी न सांगता बोर्डाला जोडला. बल्ब लावून प्लग उपसला. बल्ब ढिम्म हलला नाही. बोर्डात आता जपण्यासारखं काही नव्हतं.

थोरला खाटेवरून बघत होता. धाकटा त्याच्याजवळ जाऊन बसला.

"दादा, कार्ड चांगलं होतं. त्या दिवशी बल्ब जरा मिटला होता, तेवढ्यानेच बोर्ड बंद पडायचा. मी पाहिलं होतं."

थोरल्याने पाटी घेतली. *मीपण.*

"मग बोलला का नाहीस?"

थोरल्याने बरंच लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. *तू इतक्या हौसेने केलं होतंस. वाटलं, उद्या बोलू.*

धाकट्याला हसू आलं की आणखी काही, ते त्यालाच कळलं नाही. साऱ्या बाजाराला दम भरणारा माणूस भावाचं मन मोडेल म्हणून गप्प राहिला होता, तेही आवाज असताना.

आत पुतणी भांडी लावत होती. थोरल्याने तिकडे बोट दाखवलं आणि लिहिलं, *तिला सांग.*

"सांगतो. उद्या..."

थोरल्याने खडूने पाटीवर ठोकलं. एकवार. मग थांबून, लिलाव तुटण्याआधी थांबायचा तसा, दोनवार.

तिसरा ठोका पडायच्या आत धाकटा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"बाळ, ते ताट ठेव खाली. कार्डाचं तुला काही सांगायचंय."