लर्लीनचा मधला सूर

“ह्यावर आमची नावं कुठं आहेत?” लर्लीनने विचारलं.

काउंटरवरची गाण्याची नवी तबकडी तिने दोन्ही हातांनी कडेला धरली होती, गरम ताटली धरावी तशी. मधल्या पिवळ्या कागदावर गाण्याचं नाव होतं. खाली ठळक अक्षरांत सेसिल व्हॅसेल आणि त्याखाली निर्माते क्लॉड हॅल्डन. तिने तबकडी उलटी करून पाहिली. मागेही तेच.

मिस्टर हॅल्डन काउंटरपलीकडे उभ्या-उभ्या मटणाची पॅटी खात होते. पुढे तबकड्यांचं दुकान, मागे रेकॉर्डिंगची खोली, असा त्यांचा कारभार होता. “कागद केवढासा आहे, बघ की,” ते म्हणाले. “तिघांची नावं मावायची कुठं? शिवाय लोकांच्या लक्षात एकच नाव राहतं.”

“तुमचं धरून दोन आहेत.”

दारात रॅन्सफर्ड टेट खाकरला. पावाची हातगाडी बाहेर उभी करून तो आला होता, त्यामुळे त्याचा अर्धा जीव रस्त्यावरच होता.

“हे बघ लर्लीन,” हॅल्डन म्हणाले, “गाणारा सेसिल आहे. तुम्ही दोघं मागं ऊ-आ करता. छानच करता, मी कुठं नाही म्हणतो? पण ऊ-आ करणाऱ्यांची नावं कोण छापतं?”

लर्लीनने तबकडी विकत घेतली. कागदी पिशवीत घातली आणि निघाली. बाहेर आल्यावर रॅन्सफर्ड म्हणाला, “लर्ली, आता हे डोक्यात घेऊन बसू नकोस.”

“घेतलंय,” ती म्हणाली.

किंग्स्टनच्या पश्चिमेला एका आवारात सहा कुटुंबं आणि एक नळ होता. तिथल्या लिग्नमच्या झाडाखाली हे तिघं सात वर्षं गात आले होते, म्हणून ते ‘लिग्नम्स’. सेसिल वरच्या सुराचा. त्याचा आवाज असा, की नळावर भांडणाऱ्या बायका बादल्या खाली ठेवायच्या. रॅन्सफर्ड खालचा. तीन गल्ल्यांतली माणसं त्याला तोंडावरून नव्हे तर “पाऽव” ह्या हाकेने ओळखत. आणि लर्लीन ह्या दोघांच्या मधली.

चर्चमध्ये सिस्टर आयडलिनने तिला नवव्या वर्षीच मधल्या ओळीत बसवलं होतं. तिथे सगळेच गायचे आणि जो तो आपला सूर आपण शोधायचा. चाल कुणालाही सापडते, खालच्याला पायरी असते. मधल्याला दोन्हीकडे कान ठेवून, कुणाच्या अंगावर न पडता चालावं लागतं. पण तिघं नीट जुळले की झाडाखाली कुठून तरी चौथाच आवाज ऐकू यायचा, बारीक, उंच, कुणीच न काढलेला. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा तिघांनीही वर फांद्यांत पाहिलं होतं. मग रॅन्सफर्ड म्हणाला होता, “हा कोण? ह्याला पण वाटा द्यावा लागणार की काय?”

दिवसा लर्लीन एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात इस्त्री करायची. चादरींवरून इस्त्री फिरवताना ती आपला सूर गुणगुणायची. शेजारच्या टेबलावरच्या आयरिसने एकदा विचारलं, “हे कुठलं गं गाणं?”

“तेच. तू रोज रेडिओवर ऐकतेस ते.”

“ते? छे. त्याची चाल मला पाठ आहे.”

लर्लीनला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. एकट्याने गायला तर तो सूर कुणाला ओळखू येत नाही, हे तिला माहीतच होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी हॅल्डननी एकाच माइकसमोर तिघांच्या जागा ठरवल्या होत्या. सेसिल हातभर अंतरावर, रॅन्सफर्ड दोन पावलं मागे आणि ती जवळजवळ दारात. दर खेपेला ती एक पाऊल पुढे सरकली. पाचव्या खेपेला हॅल्डन म्हणाले, “आत्ता झालं बघा बरोबर. काय बदललं?” कुणी सांगितलं नाही.

तेव्हा ती हसली होती. पिवळा कागद पाहिल्यावर मात्र हसू येईना.

धुलाईखान्यात चादरींच्या कोपऱ्यावर हॉटेलचं नाव घालायची काळी शाई असायची. शंभर वेळा उकळलं तरी जात नाही अशी. त्यातली एक छोटी बाटली आणि टाक लर्लीनने पिशवीत टाकला. एवढी एक चोरी तिने देवासमोरही कबूल केली असती. घरी आल्यावर पिवळ्या कागदावर, सेसिलच्या नावाखाली, तिने बारीक सुबक अक्षरात लिहिलं: लर्लीन पिनॉक, रॅन्सफर्ड टेट. मावली. वर जागाही उरली.

मग ती मिस बर्डीच्या गुत्त्यात गेली.

“मिस बर्डी, तुमच्या त्या नाणं टाकून वाजवायच्या पेटीत आमचं गाणं आहे ना?”

“आहे. दिवसातून वीस वेळा वाजतं. कान किटले.”

“जरा काढून द्या.”

बर्डीने काढून दिली आणि लर्लीन लिहीपर्यंत खांद्यावरून वाकून पाहत राहिली. “पाववाला गातो ह्यात?” ती म्हणाली. “मेल्याने मला कधी सांगितलं नाही.”

त्यानंतर न्हाव्याच्या दुकानातली झाली, आयरिसच्या भावाची झाली, चर्चच्या पेटीवाल्याची झाली. महिन्याभरात लोक आपापल्या तबकड्या घेऊन तिच्या दारात यायला लागले. संध्याकाळी झाडाखाली स्टूल टाकून ती लिहायची आणि प्रत्येकाला शाई वाळेपर्यंत थांबवून घ्यायची. एक दिवस स्पॅनिश टाउनचा एक दुकानदार हॅल्डनकडे जाऊन तक्रार करू लागला, की गिऱ्हाइकं तीन नावांची तबकडी मागतात आणि तुम्ही मला एका नावाची पाठवली, ही जुनी दिसते.

हॅल्डननी बोलावणं पाठवलं नाही. त्यांनी फक्त नाताळच्या सकाळच्या कार्यक्रमाची जाहिरात छापली. तिच्यावर नाव एकट्या सेसिलचं होतं.

सांगायला सेसिल स्वतः आला, हे लर्लीनने पुढेही त्याच्या बाजूने धरलं. नवा सूट अंगात होता. झाडाखाली तो उभाच राहिला.

“तो म्हणतो, तुमच्या जागी दोन ट्रॉम्बोन घेऊ. सूर तेच वाजवतील.”

“आणि तू काय म्हणालास?”

“फेब्रुवारीत लंडनला पाठवतोय मला. करार त्याच्याच हातात आहे, लर्ली.”

“मी विचारलं, तू काय म्हणालास.”

सेसिलने टोपी ह्या हातातून त्या हातात घेतली. “काही नाही,” तो म्हणाला.

रॅन्सफर्ड पायरीवर बसून चाकाला तेल घालत होता. “जाऊ दे त्याला,” तो हळू म्हणाला. “चार पोरं आहेत मला. उद्या हॅल्डनने बेकरीच्या मालकाला चार शब्द सांगितले तर माझी गाडी जाईल. लर्ली, तूही आता सोड.”

“तू सोड. मी कुठं तुला अडवलंय?”

नाताळच्या सकाळी थिएटरवर ही गर्दी. रात्रभर नाताळच्या बाजारात हिंडलेली माणसं तशीच आली होती, पोरांच्या हातात पिपाण्या, बायकांच्या पिशवीत काळा केक. लर्लीनने चर्चचा पांढरा पोशाख घातला होता, खळ घालून स्वतः इस्त्री केलेला. तिने तिकीट काढलं आणि चौथ्या रांगेत जाऊन बसली.

सेसिल आला तेव्हा छप्पर उडेल असा गलका झाला. गाणं सुरू झालं. तो सुरेखच गात होता. ट्रॉम्बोनही वाजत होते, सरळ, स्वच्छ. पण दुसऱ्या कडव्यात एक जागा होती. तिथे सेसिल एका शब्दावर थांबायचा आणि लर्लीन त्याच्याखालून अर्धा सूर उतरायची. तिथे लोकांच्या अंगावर काटा यायचा, का ते त्यांना सांगता यायचं नाही. ट्रॉम्बोन तिथे उतरलाच नाही. आहे तिथेच बसून राहिला.

लर्लीन उभी राहिली आणि तिने ती जागा घेतली.

माइक नव्हता. सुरुवातीला आजूबाजूच्या दोन रांगांनाच ऐकू गेलं असेल.

“बाई, खाली बसा, दिसत नाही,” मागचा म्हणाला.

दारावरचा माणूस वाकून जवळ आला. “मॅडम, बसून घ्या.”

“गाणं संपलं की बसते,” श्वास घेता घेता ती म्हणाली आणि पुढची ओळ घेतली. पुढच्या खुर्चीची पाठ तिने घट्ट धरली. एकटीचा तो सूर भर थिएटरात वेड्यासारखा वाटत असणार, हे तिला कळत होतं. काही जण हसलेही. ती गातच राहिली.

आणि मग वरच्या गॅलरीतून, अगदी मागून, रोज सकाळी तीन गल्ल्यांना जाग आणणारा आवाज खाली आला. तिला सोड म्हणणारा रॅन्सफर्ड तिथे होता. त्याने खालचा सूर धरला आणि लर्लीनच्या पायाखाली जमीन आली.

“पाववाला!” वरून कुणी तरी ओरडलं.

ती सगळी चर्चमध्ये वाढलेली माणसं. कुणी सांगायची गरज नव्हती. बायका लर्लीनला येऊन मिळाल्या, पुरुष रॅन्सफर्डला. म्हाताऱ्या ट्रॉम्बोनवाल्याने एकदा वर पाहिलं, वाद्य मांडीवर ठेवलं आणि तोही गायला लागला. सेसिल दोन ओळी तसाच गात राहिला, डोळे मिटून, मान ताठ करून. मग माइकपासून दोन पावलं मागे सरला. झाडाखाली तो असाच सरायचा, आपला आवाज इतरांवर चढतोय असं वाटलं की. त्याने लर्लीनकडे पाहिलं नाही. पण शेवटचं कडवं तो तिथूनच, मागे राहूनच गायला.

बाहेरच्या दालनात हॅल्डननी तिला गाठलं. ते चिडलेले दिसत नव्हते. धंद्याचा माणूस होता, त्याने थिएटर ऐकलं होतं. “सोमवारी ये,” ते म्हणाले. “सगळ्या गायकांच्या मागे तुलाच घेतो. कायमचं काम.”

“कागदावर नाव?”

“पुन्हा तेच?”

“मग सोमवारी मला इस्त्री आहे,” लर्लीन म्हणाली आणि रॅन्सफर्डला शोधायला गेली. तो जिन्याखाली उभा होता, घामाने निथळत. “गाडी गेली तर तू ओढशील का मला?” तो म्हणाला.

गाडी गेली नाही. सेसिल मात्र फेब्रुवारीत गेला, लंडनला राहिला आणि हळूहळू त्याची पत्रं थांबली. लर्लीन पुन्हा कधी रेकॉर्डिंगला उभी राहिली नाही. दोघातिघांनी विचारलं. तिचा प्रश्न प्रत्येक वेळी तोच असायचा. धुलाईखान्यात ती पुढे मुकादम झाली. रविवारी चर्चमध्ये मधल्या ओळीत ती आणि शेवटच्या बाकावर रॅन्सफर्ड, असं अकरा वर्षं चाललं.

अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये रॅन्सफर्ड पावाची गाडी चढावर ओढताना खाली बसला, तो उठला नाही.

दफनाच्या दिवशी दुपारी चर्चच्या आवारात गायकमंडळी जमली. प्रमुख होते ब्रदर ऑल्टन, नीटनेटका माणूस. त्यांनी लर्लीनला बाजूला घेतलं. “खालचा सूर कमी पडतोय,” ते म्हणाले. “शेजारच्या चर्चमधून एक गृहस्थ बोलावलेत. आवाज चांगला आहे. त्यांना रॅन्सफर्डच्या जागी उभं करतो.”

“नको.”

“सिस्टर लर्लीन, खालचा नसेल तर पोकळ वाटेल सगळं.”

“वाटू दे.”

“लोकांच्या लक्षात येईल.”

“येऊ दे की,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारी उभं करा त्यांना, मी स्वतः शिकवते. आज ती जागा रॅन्सफर्डचीच.”

ब्रदर ऑल्टननी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाहुण्यांना खुर्ची दिली.

खड्ड्याभोवती सगळे उभे राहिले. रॅन्सफर्डच्या बायकोने लर्लीनचा दंड धरला होता. वरच्या सुरातल्या बायकांनी चाल उचलली. लर्लीन आपल्या मधल्या सुरावर आली आणि तिथेच राहिली. तिच्या सांगण्यावरून पुरुषांची ओळ खालचा सूर न धरता वह्या मिटून उभी होती. दुसऱ्या ओळीला रस्त्याने जाणारी माणसं थबकली, कुंपणावरून आत पाहू लागली. गाण्याला खालून काहीच नव्हतं. लर्लीनने पावलं थोडी फाकवली, खळ घातलेली बाही सरळ केली आणि तिसरं कडवं घेतलं.