वजन उचलायचे कपडे

ट्रायल रूममध्ये तिने आरशाकडे पाठ केली, पाय थोडे फाकवले आणि समोर वजनाची दांडी पडली आहे असं धरून ती खाली वाकली. पँट मांड्यांवर ताणली गेली. मान वळवून तिने मागे पाहिलं. कापड विरळ होऊन आतलं सगळं दिसत होतं.

"झालं का वहिनी?" पडद्याबाहेरून नणंदेने विचारलं.

"ही नाही चालायची. वाकलं की सगळं जगजाहीर होतंय."

"बघू, बघू."

"बघू काय बघू! दुसरी दे."

पडद्याच्या फटीतून एक हात आत आला आणि काळी जाड पँट सोडून परत गेला. नणंदेला घरात सगळे छोटी म्हणत. चाळिशी उलटली, चष्मा लागला, तरी ती छोटीच राहिली होती. येताना वाटभर ती काही बोलली नव्हती. दुकानात शिरल्यावर मात्र तिला एकदम हसू सुटलं होतं आणि ते अजून थांबत नव्हतं.

काळी पँट पोटरीपासून कमरेपर्यंत घट्ट बसली. ती पुन्हा वाकली. या वेळी काही दिसलं नाही. तिने मांडीच्या पुढच्या बाजूवरून दोन्ही तळवे खालून वर ओढून पाहिले. खिसा नको, चेन नको, जाड शिवण तर नकोच, असं जिममधल्या कोचने बजावलं होतं. लोखंडी दांडी नडगीला घासत वर येते आणि मांडीवरून सरकत जाते. वाटेत जे आडवं येईल ते फाटतं, नाहीतर कातडी सोलते. पहिल्या दिवशी ती घरातली ढगळ पँट घालून गेली होती. दांडीत कापड अडकलं, दांडी गुडघ्याशी थांबली आणि पुढे तोल गेला. घरी आल्यावर पाहिलं तर दोन्ही नडग्या खरचटल्या होत्या.

"काकू, हे काही भाजी आणायला जाणं नाही," कोच म्हणाली होती. कोच तिच्या निम्म्या वयाची होती आणि दुप्पट रुंद. "कपडे आधी, वजन मग."

बुटांपाशी बराच वेळ गेला. दुकानातला माणूस एकामागून एक मऊ, उंच टाचेचे, स्पंजाचे बूट काढून ठेवत होता. ती प्रत्येकाचा तळ अंगठ्याने दाबायची आणि बाजूला सारायची.

"अहो, हे एकदम आरामदायक आहेत. पळताना कळणारही नाही पायात आहेत म्हणून."

"मला पळायचं नाही. उचलायचं आहे. तळ सपाट हवा, अजिबात न दबणारा."

"उचलायचं? काय उचलायचं?"

"नवऱ्याला," ती म्हणाली.

तो माणूस मोठ्याने हसला. दाद मिळावी म्हणून त्याने छोटीकडे पाहिलं. छोटीचं हसू तेवढं थांबलं होतं. ती मान खाली घालून मोज्यांच्या जोड्या चाळत होती. त्यातला गुडघ्यापर्यंत येणारा एक लांब, जाड जोड तिने उचलला आणि न बोलता वहिनीच्या पिशवीत टाकला.

तिचा नवरा वीजतंत्री होता. एका मंगल कार्यालयाच्या छताचे दिवे लावताना शिडी सरकली आणि तो पाठीवर पडला. त्यानंतर कमरेखालचं त्याचं शरीर त्याच्याशी बोलेनासं झालं. डॉक्टरांनी सुरुवातीला "बघू" म्हटलं, मग "वेळ लागेल" म्हटलं, आणि नंतर ते भेटायचेच कमी झाले. धिप्पाड माणूस. ऐन भरात असताना त्याने एकट्याने फ्रीज जिन्यावरून वर चढवला होता. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून पुन्हा पलंगावर असा तो आता दिवसाकाठी तिच्या हातांवरून जायचा.

एके दुपारी तो तिच्या हातांतून निसटला. तिने सावरायला म्हणून ओढलं आणि तिच्या कमरेत काहीतरी कट्कन तुटल्यासारखं झालं. तो फरशीवर पडला, ती त्याच्या शेजारी. त्याला उठता येत नव्हतं हे ठरलेलंच होतं. आता तिलाही येईना. फोन वर टेबलावर वाजत राहिला. उन्हं भिंतीवरून सरकून कपाटावर गेली. आधी दोघांनी हाका मारल्या, मग हाका मारणं सोडून दिलं. मग तो म्हणाला, "चला, निदान एकत्र जेवायला नाही तर एकत्र पडायला तरी वेळ मिळाला." ती रडता रडता हसली आणि हसल्यामुळे कंबर आणखी दुखली. संध्याकाळी छोटी डबा घेऊन आली, तेव्हा दोघांचीही पँट ओली झालेली होती.

त्याच आठवड्यात छोटीने अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या एका संस्थेचा विषय काढला. स्वच्छ जागा आहे, माणसं चांगली आहेत, तिकडे दोन-दोन जण मिळून उचलतात. दादासमोरच बोलली, पाठीमागे नाही. तो छताकडे बघत होता.

"वहिनीची कंबर गेली तर दोघांना कोण बघणार, दादा?"

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला.

तिने मात्र ते ऐकून घेतलं नाही. कंबर बरी झाल्यावर ती जिममध्ये नाव घालून आली.

दुकानातून घरी आल्यावर तिने सगळा सरंजाम अंगावर चढवला आणि त्याच्यासमोर उभी राहिली. काळी पँट, कमरेशी संपणारा टीशर्ट, गुडघ्यापर्यंत मोजे, सपाट तळाचे बूट. तिला उगाचच लाज वाटत होती.

"वळ बघू," तो म्हणाला.

ती वळली.

"इकडे ये." त्याने तिच्या मांडीवरचं कापड चिमटीत धरून चोळलं. आयुष्यभर वायरीचं आवरण चोळून बघायची त्याच्या बोटांना सवय होती. "चांगलं आहे. टिकेल. किती उचलतेस सध्या?"

"तुमच्या निम्म्याइतकं."

"म्हणजे कमरेपर्यंतचा उचलशील. खालचा राहू दे, तसाही कामाचा नाही."

"गप बसा."

"आणि सगळा उचलायला लागेल किती दिवस?"

"कोच म्हणते, घाई करायची नाही."

त्याने मान डोलावली. नंतर बराच वेळ तो तिच्या बुटांकडे बघत होता.

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती काम करायची. दिवसभर मेण, साचे आणि बारीक कानस. तिथून सुटली की जिम. सकाळी निघताना त्याचा दुपारचा डबा पलंगाशी ठेवायचा. शेजारची बाई दुपारी येऊन त्याला कुशीवर वळवून जायची. संध्याकाळी डबा रिकामा, घासलेला मिळायचा. रात्री तो थोडंच खायचा. दुपारचंच अंगावर आलंय, म्हणायचा.

दांडीवरची लोखंडी चक्रं हळूहळू वाढत गेली. कपड्यांकडे आता लक्ष जात नसे. दांडी मोज्यांवरून घासत यायची, मांडीवरून सरकायची आणि ती ताठ उभी राहायची. आपण किती मोठं काहीतरी धरून उभ्या आहोत ते तिला नंतर हातांतून कळायचं.

"काकू, दांडी शहाणी असते," कोच एकदा म्हणाली. "मधे धरली की सरळ येते. माणूस तसा नसतो. माणूस लोंबकळतो. तेव्हा इथे उचललं म्हणजे घरी जमलं असं समजू नका."

पण घरी जमायला लागलं होतं. आधी तो पलंगाच्या कडेवरून खुर्चीत यायचा तेव्हा तिचा श्वास अडकायचा. मग तो अडकेनासा झाला. एका सकाळी तिने त्याच्या काखेखालून हात घातले, गुडघे वाकवले, पाठ सपाट केली आणि तो आलाच. सहज आला. खुर्चीत बसवल्यावरही तिच्या हातांत जोर शिल्लक होता.

"आली की पैलवानीण," तो म्हणाला.

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. त्याला चेहरा दिसू नये म्हणून. त्या दिवशी कवळ्यांच्या साच्यांवर वाकलेली असताना ती मधूनच गुणगुणत होती. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलंही, आज काय विशेष? संध्याकाळी तिने छोटीला फोन केला. "संस्थेला सांग, जागा दुसऱ्याला द्या म्हणावं." छोटी म्हणाली, "वहिनी, तू जिंकलीस बाई."

थंडी पडायला लागली तेव्हा काळी पँट मांडीवर झिजून भुरकट झाली होती. रविवारी ती नवी आणायला निघाली. दारात चपला घालता घालता तिने विचारलं, "तुम्हाला काही आणू? घरात घालायची एखादी गरम पँट?"

"आण."

"माप एक्सएल ना?"

"मीडियम आण."

तिने एक पाय चपलेत तसाच ठेवला. "मीडियम कुठली होतेय तुम्हाला?"

ती परत आत आली. त्याच्या अंगावरची चादर बाजूला केली. पँटची नाडी कमरेला दोनदा गुंडाळून गाठ मारलेली होती. ती गाठ तिची नव्हती. त्याचे हात चालत होते, ती त्यानेच मारली असणार. तिने पँटच्या कमरेत हात घातला. हात मनगटापर्यंत सहज आत गेला. रोज सकाळी ती हेच अंग पुसत होती. पाय तर पडल्यापासूनच वाळत होते, त्याची तिला सवय झाली होती. दाढी वाढल्यामुळे गाल झाकले होते. आणि खरं म्हणजे एवढ्यात ती बघत होती ते स्वतःचे दंड.

"दुपारचा डबा?" तिने विचारलं.

"कुशीवर वळवायला येते तिला देतो. तिला पोरं आहेत."

"कधीपासून?"

"तू ते बूट आणलेस त्या आठवड्यापासून."

ती पलंगाच्या कडेवर बसली. तिने हात स्वतःच्या मांड्यांवर उताणे ठेवले. दांडीने तळव्यांवर पिवळसर घट्टे पडले होते.

"मला वाटलं मी..." ती म्हणाली आणि थांबली.

"तूही वाढलीस की. मी निम्मं केलं, तू निम्मं. वाटून घेतलं." तो हसायला गेला.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. जे होतं ते ताटात वाढून घेऊन आली आणि त्याच्यासमोर धरलं. "खा."

"खाल्लं की पुन्हा जड होईन."

"व्हा. मी उचलीन."

"आज उचलशील. पुढच्या वर्षीही उचलशील. साठीला उचलशील?"

तिने ताट तसंच धरून ठेवलं. वरणावर साय धरायला लागली. त्याने एक घास घेतला, तिचं मन राखायला. मग ताट हाताने हळूच मागे सारलं.

"जा," तो म्हणाला. "दुकान बंद होईल."

दुकानात आज वेगळाच माणूस होता. तिने स्वतःसाठी काही पाहिलं नाही. पुरुषांच्या कपड्यांपाशी ती बराच वेळ उभी राहिली. एक मऊ, आतून लोकर लावलेली पँट तिने खाली काढली. मग तीच पुन्हा मोठ्या मापाची काढली. दोन्ही हातांत दोन पँटी धरून ती उभी होती.

"कुठलं माप देऊ, ताई?"

"हे छोटं नेलं आणि नंतर मोठं लागलं, तर बदलून द्याल?"

"देऊ की. आठवड्याच्या आत आणा. त्यानंतर नाही घेत."

तिने मोठी पँट घडी करून जागेवर ठेवली, बाही सरळ करावी तसे तिचे पाय सरळ केले.

"आठवड्यात नाही व्हायचं," ती म्हणाली आणि मीडियम त्याच्या हातात दिली.